पाण्यात पडणारी माणसे

जपानमधील योकोहामा शहराच्या हद्दीत मिदोरियामा नावाचा एक परिसर आहे. 'टीबीएस' या जपानी दूरचित्रवाणी संस्थेची चित्रीकरणाची विस्तीर्ण जागा तेथे आहे. या जागेवर, याच संस्थेने, सुमारे दहा वर्षांच्या अंतराने दोन कार्यक्रम उभे केले. दोहोंत सामान्य माणसे अडथळ्यांवरून धावतात, लोंबकळतात, घसरतात आणि त्यांतील बहुतेक जण मुद्दाम केलेल्या गढूळ तळ्यांत पडतात. पहिल्या कार्यक्रमात माणूस पाण्यात पडला की पाहणारा खदखदून हसतो. दुसऱ्यात तसाच माणूस तशाच पाण्यात पडला की पाहणाऱ्याच्या तोंडून 'अरेरे' असा उद्गार निघतो. पाणी तेच आणि पडणेही तेच असताना हा फरक का व्हावा? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु करमणुकीच्या नावाखाली माणसाचे काय केले जाते याची ज्यांना थोडीफार चिंता आहे, त्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

पहिला कार्यक्रम म्हणजे 'ताकेशीज कॅसल' या इंग्रजी नावाने जगभर गाजलेला ताकेशीचा किल्ला. १९८६ ते १९९० या काळात तो जपानमध्ये प्रक्षेपित झाला. किल्ल्याचा अधिपती ताकेशी कितानो. हेच कितानो पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून जगन्मान्य झाले आणि १९९७ साली 'हाना-बी' या चित्रपटासाठी त्यांना व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंहाचा सन्मान लाभला. किल्ल्यावर चाल करून जाणाऱ्या फौजेचा सेनापती हायातो तानी हा अभिनेता. फौज म्हणजे शंभरावर हौशी नागरिक. कोणी विद्यार्थी, कोणी कारकून, कोणी गृहिणी. डोक्याला शिरस्त्राण बांधून ही मंडळी सेनापतीच्या आरोळीसरशी धावत सुटत आणि एकेका अडथळ्यापाशी तिची संख्या झरझर घटत जाई. शेवटी किल्ल्यासमोर उरत ते मूठभर लोक, आणि तेही बहुधा हरत. जिंकणाऱ्यास दहा लाख येनचे बक्षीस होते. ते क्वचितच कोणाच्या पदरात पडले. अधिपतीच्या शेजारी सल्लागार म्हणून वावरणारे त्यांचे एक विनोदी शिष्य हिदेओ हिगाशिकोकुबारू २००७ साली मियाझाकी प्रांताचे निवडून आलेले राज्यपाल झाले, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते. विदूषकी करणाऱ्याला मतदार गंभीरपणे घेत नाहीत, हा समज निदान जपानमध्ये तरी खरा ठरलेला नाही.

या किल्ल्यातील सर्वांत लोकप्रिय अडथळा तळ्यातल्या दगडांचा. पाण्याच्या पृष्ठभागावर सारखेच दिसणारे अनेक दगड मांडलेले असत. त्यांतील काही खाली पक्के रोवलेले आणि काही नुसते तरंगणारे. कोणता पक्का आणि कोणता फसवा, हे काठावरून कळण्याचा मार्ग नाही. स्पर्धकाने धावत सुटावयाचे आणि दैवावर हवाला ठेवावयाचा. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या खेळात पडणाऱ्याकडे कमीपणा येत नाही. तो जाड आहे, वयस्क आहे किंवा अडाणी आहे म्हणून पडलेला नसतो. त्याचा पाय फसव्या दगडावर पडला, एवढेच. त्याच्या जागी कोणी कसलेला धावपटू असता तरी तोही पडला असता. तात्पर्य, या हसण्यात हसणारा स्वतःला पडणाऱ्याहून शहाणा समजत नाही. शिवाय किल्ल्याचा अधिपतीच मुळात विदूषक असल्यामुळे हसे करून घेण्यात सर्वांचाच वाटा असे. हा खेळ निर्धोक होता असे मात्र नव्हे.

भारतात हा किल्ला पोहोचला तो या शतकाच्या पहिल्या दशकात, 'पोगो' या मुलांच्या वाहिनीवरून आणि जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह. महाराष्ट्रातील हजारो घरांत मुलांनी आणि त्यांच्या आजीआजोबांनी तो एकत्र बसून पाहिला. जाफरी यांची हजरजबाबी वाणी ही खरोखर दाद देण्याजोगी गोष्ट होती. मूळ जपानी निवेदनाशी तिचा फारसा संबंध नव्हता. स्पर्धकांना कपोलकल्पित नावे, गावे आणि स्वभाव बहाल करून त्यांनी एक स्वतंत्र प्रहसनच रचले. ब्रिटन आणि अमेरिका येथील समालोचकांनीही हेच केले होते. तथापि या व्यवहारात एक गोष्ट निसटली. मूळ कार्यक्रमात प्रत्येक स्पर्धक आपले नाव आणि व्यवसाय घेऊन येई व आपल्याच लोकांसमोर पडे. आपल्याकडे तो पोहोचेपर्यंत त्याचे नाव गेले, बोलणे गेले, आणि उरली ती केवळ चिखलात आपटणारी एक परकी आकृती. परक्या चेहऱ्याच्या माणसाला वाटेल ते नाव देऊन हसण्याची मुभा आपण किती सहजपणे घेतली, याचा विचार तेव्हा कोणी केल्याचे आठवत नाही. २०२३ साली हा किल्ला नव्याने बांधला गेला. 'प्राइम व्हिडिओ'वरील त्याच्या भारतीय आवृत्तीला भुवन बाम यांचे समालोचन लाभले, आणि रीत तीच राहिली.

मिदोरियामाचा दुसरा कार्यक्रम 'सासुके'. जपानी दंतकथांतील एका निंजाचे हे नाव. पहिली स्पर्धा १९९७ साली एका बंदिस्त सभागृहात झाली. त्यानंतर ती मिदोरियामाच्या मोकळ्या मैदानात आली. येथेही स्पर्धक शंभर आणि खाली पाणी. परंतु येथे दगड फसवे नाहीत. प्रत्येक अडथळा डोळ्यांसमोर उघडा आहे, नियम ठाऊक आहे आणि घड्याळ चालू आहे. पडला तर तो मनगटाच्या, बोटांच्या किंवा धीराच्या मर्यादेमुळे पडतो. एकापुढे एक असे चार टप्पे, आणि अखेरचा टप्पा उंच मनोऱ्यावर चढण्याचा. २०२० अखेरपर्यंत अडतीस स्पर्धा झाल्या आणि तेवढ्या काळात हे चारही टप्पे केवळ चार माणसांनी मिळून सहा वेळा पार केले. त्यांतील पहिले काझुहिको आकियामा. खेकडे पकडण्याच्या बोटीवर राबलेला, दृष्टी अधू असलेला हा माणूस १९९९ साली मनोऱ्याच्या माथ्यावर पोहोचला. दुसरे माकोतो नागानो हेही दर्यावर्दीच, मासेमारी नौकेचे कप्तान. त्यांना हे यश २००६ साली मिळाले. तिसरे युजी उरुशिहारा, पादत्राणांच्या विक्रीच्या व्यवसायातले. कात्सुमी यामादा यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९९ च्या एका स्पर्धेत ते एकटेच अखेरच्या टप्प्यापर्यंत गेले आणि तेथे हरले. पुढे वर्षानुवर्षे ते येत राहिले, पडत राहिले. पण त्या टप्प्याचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. तरीही जपानी प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. ते पाण्यात पडत तेव्हा समालोचकाचा आवाज खाली येई. काही क्षण चित्र त्यांच्या ओल्या चेहऱ्यावर स्थिर राही. हसण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

याच्या नेमके उलट टोक पाहावयाचे तर अमेरिकेत जावे लागते. 'एबीसी' वाहिनीने जून २००८ मध्ये 'वाइपआउट' नावाचा कार्यक्रम सुरू केला. चोवीस स्पर्धक, अडथळ्यांची मालिका, सभोवार पाणी आणि विजेत्यास पन्नास हजार डॉलर. आपल्या कल्पना उचलल्याचा आरोप करीत 'टीबीएस'ने त्याच वर्षी अमेरिकन न्यायालयात दावा गुदरला. तो पुढे तडजोडीने मिटला, म्हणून कोणी कोणाचे काय घेतले याचा निवाडा झाला नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने काहीही असो, दोन्ही कार्यक्रमांच्या मनोवृत्तीत अंतर आहे आणि ते अडथळ्यांच्या रचनेतच दिसते. येथे एक भिंत आहे. स्पर्धकाने तिच्या कडेकडेने अरुंद फळीवरून सरकावयाचे, आणि भिंतीतून अवचित बाहेर येणारे मुष्टियोद्ध्याचे हातमोजे त्याला ढोसून खाली लोटणार. चार प्रचंड लाल चेंडू आहेत. त्यांवरून उड्या मारीत पलीकडे जाणे जवळजवळ अशक्य आहे, आणि ते तसे असावे हाच हेतू आहे. पडणे ही येथे दैवाची गोष्ट नव्हे की सामर्थ्याची परीक्षाही नव्हे. पडणे हाच येथे विक्रीचा माल आहे आणि स्पर्धक हा त्याचा कच्चा माल. एकदा पडलेला माणूस मंदगतीने पुन्हा पुन्हा पाडून दाखविला जातो. समालोचक दूर स्टुडिओत बसून नंतर शेरे मारतात, त्याला टोपणनावे ठेवतात. पडणारा त्यांना उत्तर देऊ शकत नाही, कारण ते बोलतात तेव्हा तो कपडे वाळवून केव्हाच घरी गेलेला असतो.

युरोपात १९६५ साली सुरू झालेल्या 'सीमांविना खेळ' या फ्रेंच कल्पनेच्या स्पर्धांतही माणसे पाण्यात पडत. पण ती आपल्या गावाच्या संघातून उतरत आणि बरोबरीला सारा गाव असे. जपानी किल्ल्यात निदान एक फौज होती. 'वाइपआउट'चा स्पर्धक अगदी एकटा आहे.

हे यंत्र इतके किफायतशीर ठरले की अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सजवळ त्याची एक कायमची मांडणी उभी राहिली आणि देशोदेशींचे स्पर्धक विमानाने तेथे नेऊन पाडण्यात येऊ लागले. ब्रिटनचे गेले, तसे भारताचेही गेले. २०११ साली 'इमॅजिन' वाहिनीवर 'जोर का झटका' या नावाने त्याची हिंदी आवृत्ती झाली. सूत्रधार होते शाहरुख खान, आणि पडणारे होते दूरचित्रवाणीवरील परिचित चेहरे. सामान्य नागरिकाऐवजी नामवंतांना पाण्यात लोटण्याची ही भारतीय सुधारणा फार काळ टिकली नाही. ती वाहिनीच २०१२ साली बंद पडली.

आता पाण्याविषयी. अशा कार्यक्रमांत पाण्याचे खरे काम कोणते? स्पर्धकाला झेलणे हे झालेच. परंतु त्याहून मोठे काम प्रेक्षकाला निर्धास्त करण्याचे आहे. हाच माणूस फरशीवर आपटला असता तर आपण धावत गेलो असतो. तो पाण्यात पडला म्हणून आपण हसतो. वस्तुतः पाणी वाटते तितके मऊ नाही. तीन मीटर उंचीवरून पडणारा देह पाण्याला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटर असतो, आणि पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन आहे. सूर मारणारा पट्टीचा पोहणारा हाताच्या टोकापासून देह एका रेषेत आणतो तो यासाठीच. विहिरीत उडी चुकून पाठ किंवा पोट आपटल्यावर अंगावर उठणारा लालबुंद वळ आपल्याकडे खेड्यापाड्यांतील पोरांना ठाऊक असतो. अनपेक्षित ठोसा खाऊन, हातपाय वाकडेतिकडे झालेल्या अवस्थेत पडणाऱ्याला देह सावरण्याची सवड मिळत नाही, आणि नेमकी ती वेडीवाकडी अवस्थाच तर पडद्यावर हवी असते. त्यातच धापा टाकणारे हृदय आणि थंड पाण्याचा एकाएकी बसणारा हिसका यांची भर पडते.

नोव्हेंबर २०२० मध्ये 'वाइपआउट'च्या नव्या आवृत्तीचे कॅलिफोर्नियात चित्रीकरण चालू असताना, अडथळ्यांची फेरी पुरी केल्यावर एका स्पर्धकाची प्रकृती बिघडली आणि त्याचा मृत्यू झाला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार हे कारण पुढे नोंदले गेले. त्या मृत्यूचा दोष पाण्यावर किंवा लाल चेंडूंवर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्या खेळात धडधाकट खेळाडूंऐवजी कोणीही नागरिक उतरावा अशी योजना आहे, त्या खेळात प्रत्येकाच्या हृदयाची काळजी घेण्याचा भार आयोजकावर अधिक पडतो की कमी? 'मी स्वखुशीने उतरत आहे' अशा मजकुरावर सही घेतल्याने वकिलाचे समाधान होईल; प्रेक्षकाला पाण्याने दिलेले आश्वासन त्याने पुरे होत नाही. आपण हसलो ते 'याला काही होणार नाही' असे आपल्याला सांगण्यात आले म्हणून. सांगणारा त्यास बांधलेला असला पाहिजे. आपल्याकडील वाहिन्या उद्या असा खेळ पुन्हा आणतील, आणि त्या आणतीलच, तेव्हा स्पर्धकांची वैद्यकीय तपासणी कोणी केली, काठावर डॉक्टर किती होते आणि उंची कोणी ठरविली, ही माहिती बक्षिसाच्या रकमेइतक्याच ठळकपणे पडद्यावर यावयास हवी. समालोचकाने स्पर्धकाच्या समक्ष बोलावे, अशीही अट घालावी. निम्मे शेरे तेथेच गळून पडतील.

नव्या 'वाइपआउट'चे प्रक्षेपण एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाले.

त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेतील घोडेस्वारीच्या वेळी एका घोड्याला झालेल्या मारहाणीवरून जगभर गदारोळ उठला. त्यातून घोडेस्वारीच वगळण्याचा निर्णय झाला. तिच्या जागी कोणता प्रकार घ्यावा याचा शोध सुरू झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने अडथळ्यांच्या शर्यतीची निवड केली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी ती मुक्रर झाली आहे. तिच्या चाचण्यांसाठी साह्य घेतले गेले ते 'सासुके' निर्माण करणाऱ्या 'टीबीएस'चेच. खेकड्यांच्या बोटीवर राबलेल्या माणसाने मिदोरियामात ज्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या प्रकाराला आता पदके लाभणार आहेत. त्या शर्यतीत अडथळ्यांखाली तळे नसते.