सहाशे डॉलरची जमीन

भाचीनं इंग्लंडमधलं स्लाउचं घर बदललं तेव्हा शाळेतली पुस्तकं आमच्याकडे सांगलीला पाठवून दिली. त्यांत जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ होती. शंभर-सव्वाशे पानांची, पाठ मोडलेली, पिवळ्या-गुलाबी रेघांनी रंगवलेली प्रत. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई ही परीक्षा असते आणि वर्षानुवर्षं तिथल्या मुलांनी त्या परीक्षेसाठी ही कादंबरी घोटली. २०१४ मध्ये अभ्यासक्रमाची फेरमांडणी झाली, ब्रिटिश लेखकांना झुकतं माप मिळालं आणि हे अमेरिकन पुस्तक इंग्लंडमधल्या याद्यांतून गेलं. भाची त्याआधीची. तिच्या प्रतीत तिसऱ्या भागाच्या समासात पेन्सिलीनं इंग्रजीत लिहिलंय : स्वप्न अशक्य. खाली दोन रेघा. म्हणजे पेपरात हमखास मार्क देणारं उत्तर.

हे पुस्तक मी आतापर्यंत चारदा वाचलं आणि दर वेळी त्या दोन रेघांपाशी अडलो. कारण पुस्तकात लिहिलंय ते नेमकं उलट. स्वतःच्या जमिनीचं ते स्वप्न शक्य होतं. त्याचा हिशेब स्टाइनबेकनं डॉलरनिशी मांडून दिलाय आणि तो जुळतो.

आधी गोष्ट. कॅलिफोर्नियात सोलेदाद नावाचं गाव आहे. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ एकटेपणा. गावाच्या दक्षिणेला काही मैलांवर, सॅलिनास नदीच्या डोहाकाठी, दोन मजूर एका संध्याकाळी येऊन टेकतात. पुढे चालणारा जॉर्ज अंगानं लहान, डोक्यानं तल्लख. मागून येणारा लेनी आडदांड, बुद्धीनं मात्र पाच-सहा वर्षांच्या पोराएवढा. मऊ काही दिसलं की त्याला ते कुरवाळायचं असतं आणि आपल्या हातात जोर किती हे त्याला कळत नाही. खिशात त्यानं मेलेला उंदीर जपून ठेवलाय. वीड नावाच्या गावात एका मुलीचा लाल झगा मऊ लागला म्हणून त्यानं धरून ठेवला, तिनं आरडाओरडा केला आणि दोघांना रातोरात पळावं लागलं. आता रँचवर जवाची पोती उचलायचं काम मिळालंय. महिना पन्नास डॉलर आणि जेवणखाण. गुरुवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ एवढ्या वेळात सगळं घडून जातं. मालकाच्या मुलाची बायको लेनीला आपले केस हात लावून बघ म्हणते, मग घाबरते. तो तिला गप्प करायला जातो आणि तिची मान मोडते. जमाव लेनीच्या मागावर निघतो. जॉर्ज त्याच्याआधी डोहाकाठी पोहोचतो आणि मित्राला आपल्या जमिनीची गोष्ट सांगता सांगता मागून गोळी घालतो.

शेवट आधीच सांगितला म्हणून रागावू नका. हे पुस्तक शेवट ठाऊक असताना जास्त कळतं.

स्टाइनबेक १९०२ साली सॅलिनास गावातच जन्मला. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९१९ ते १९२५ अधूनमधून शिकला, पदवी न घेता बाहेर पडला. त्या वर्षांत स्प्रेकल्स शुगर कंपनीच्या रँचेसवर त्यानं मजुरी केली. वळकटी खांद्यावर टाकून या मळ्यावरून त्या मळ्यावर जाणारे एकटे मजूर त्यानं तिथं पाहिले. काही काळ तो स्वतः त्यांच्यातलाच होता. १९३६ च्या वसंतात या कादंबरीचं निम्मं हस्तलिखित त्याच्या टोबी नावाच्या कुत्र्याच्या पिल्लानं फाडून टाकलं. दुसरी प्रत नव्हती, दोन महिन्यांचं काम गेलं. पिल्लानं कदाचित समीक्षकाच्या भूमिकेतून हे केलं असेल, असं त्यानं आपल्या एजंट बाईंना कळवलं आणि पुन्हा लिहायला बसला. आधीचं नाव होतं ‘समथिंग दॅट हॅपन्ड’, म्हणजे नुसतं ‘घडलेलं काहीतरी’. नंतरचं नाव रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या १७८५ मधल्या एका कवितेतून आलं. नांगराच्या फाळानं उंदराचं बीळ उद्ध्वस्त झालं, त्यावरची ती कविता. पुस्तक फेब्रुवारी १९३७ मध्ये आलं, बुक ऑफ द मंथ क्लबनं ते निवडलं आणि खप बघता बघता लाखाच्या वर गेला.

त्याच वर्षी एका मुलाखतीत त्यानं सांगितलं, की लेनी खरा होता. आपण त्याच्याबरोबर कित्येक आठवडे काम केलं आणि तो आता वेड्यांच्या इस्पितळात आहे. पण त्या खऱ्या माणसानं बाईला मारलं नव्हतं. साहेबानं त्याच्या मित्राला कामावरून काढलं, तेव्हा त्यानं गवत उचलायचा काटा साहेबाच्या पोटात खुपसला होता.

इथं क्षणभर थांबायला हवं. १९३६ मध्येच संपावरची ‘इन ड्युबियस बॅटल’ प्रसिद्ध केलेल्या लेखकाच्या हाती मित्रासाठी मालकाच्या माणसाला मारणारा मजूर आयता आला होता. त्यानं तो घेतला नाही. सूड काढून टाकला आणि मारलं जाणारं माणूस बदललं. मालकाच्या बाजूचा माणूस जाऊन तिथं आली त्या रँचवरची सगळ्यात एकटी बाई, जिला पुस्तकभर नावसुद्धा नाही. माझ्या मते कादंबरी मोठी झाली ती या एका फेरफारानं. साहेब मेला असता तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या आणि पुस्तक मिटलं असतं.

आता हिशेब. आमच्या वाचनगटात महिन्यातून एकदा आम्ही दहा-बाराजण जमतो. हे पुस्तक घेतलं त्या दिवशी बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली. दहा एकर जमीन, वर पवनचक्की, छोटं घर, खुराडं, फळझाडं. किंमत सहाशे डॉलर. इतकी स्वस्त का, तर म्हातारा-म्हातारी कफल्लक आहेत आणि म्हातारीचं ऑपरेशन व्हायचंय. जॉर्ज आणि लेनीकडे मिळून दहा डॉलर. आतापर्यंत ही जमीन म्हणजे झोपताना सांगायची गोष्ट. मग मजुरांच्या बराकीतला झाडूवाला कँडी तोंड उघडतो. त्याच्याकडे बँकेत तीनशे आहेत, महिनाअखेरीला आणखी पन्नास येतील. जॉर्ज-लेनीनं महिनाभर काही खर्च केला नाही तर त्यांचे शंभर. एकूण साडेचारशे. एवढ्यावर व्यवहार ठरेल, उरलेले नंतर फेडू, असं जॉर्ज म्हणतो आणि तिघंही गप्प होतात. आयुष्यभर घोकलेली गोष्ट महिन्यावर आल्यावर माणूस असाच गप्प होतो.

बाईंनी पेन ठेवलं आणि विचारलं, “या तीनशेतले अडीचशे कुठले, वाचलंत ना?” कँडीचा उजवा हात याच रँचवर गेला. त्याची भरपाई अडीचशे डॉलर. म्हणजे जमिनीच्या एकंदर भांडवलातला निम्म्याहून जास्त हिस्सा एका तुटलेल्या हाताचा आहे.

त्यानंतर मी पुस्तक पुन्हा फक्त हातांसाठी वाचलं. इंग्रजीत शेतमजुराला नुसतं ‘हँड’ म्हणायची रीत आहे, त्यामुळे हे हात सगळीकडे सापडतात. लेनीचे हात अस्वलाच्या पंजासारखे. मालकाचा मुलगा कर्ली एका हातात व्हॅसलीन भरलेला मोजा घालून हिंडतो, तो हात बायकोसाठी मऊ ठेवलाय म्हणे. लेनी त्याचाच हात चिरडतो. तेव्हा खेचरांची गाडी हाकणारा स्लिम, ज्याचा शब्द सगळे मानतात, कर्लीला बजावतो, हात यंत्रात सापडला असं सांगायचं. मजुराचा हात खरोखर जातो तेव्हा त्याची किंमत ठरलेली असते; मालकाच्या पोराचा हात माणसानं मोडला तरी अब्रू राखायला यंत्रच उपयोगी पडतं. स्टाइनबेक यावर अवाक्षर बोलत नाही. दोन्ही प्रसंग मात्र एकाच भागात, काही पानांच्या अंतरानं ठेवतो.

गटात साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या, मुकादम, उचल यांत त्यांची नोकरी गेली. ते पुस्तकाबद्दल फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, “आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा आला तर अर्धा कोयता. या बराकीत सगळे अर्धे कोयतेच दिसतात की.” यापेक्षा नेमकी टीका मी या पुस्तकावर वाचलेली नाही. तिथला मजूर उचलीनं बांधलेला नाही, वाटेल तेव्हा निघून जाऊ शकतो. पण जायला घर नाही आणि बरोबर कोणी नाही. म्हणून तर दोघं एकत्र फिरतात हे पाहिल्यावर मालकाला पहिला संशय येतो तो जॉर्ज लेनीचा पगार लाटत असावा असा. दोन माणसांनी नुसतं एकमेकांसाठी सोबत राहावं हे त्या रँचवर कुणाच्या हिशेबात बसत नाही.

चौथा भाग क्रुक्सच्या खोलीत घडतो. तो काळा, तबेल्याचं बघतो, घोड्याच्या लाथेनं पाठ मोडलेली. गोऱ्यांच्या बराकीत त्याला मज्जाव, म्हणून खोगिरांच्या खोलीत एकटा झोपतो. खिडकीखाली शेणाचा ढीग. आत चष्मा, औषधाच्या बाटल्या आणि कॅलिफोर्नियाच्या १९०५ च्या दिवाणी कायद्याची जीर्ण प्रत. आपले हक्क कागदावर कुठपर्यंत आहेत हे त्या माणसानं वाचून ठेवलंय. डोक्यात जमीन घेऊन आलेले शेकडो मजूर पाहिले, मिळाली कुणालाच नाही, असं तोच सांगतो. पण कँडी पैसे बँकेत आहेत म्हणतो तेव्हा हाच क्रुक्स अडखळत विचारतो, मी फुकट राबलो, फक्त पोटावर, तर घ्याल का? भाचीनं क्रुक्सचं पहिलं वाक्य गुलाबी केलंय, दुसरं कोरं सोडलंय. मग मालकाची सून दारात येते, एका शब्दासरशी तुला झाडाला लटकवता येईल असं त्याला सुनावते आणि तो आपली मागणी मागे घेतो.

त्या सुनेबद्दल मजूर जे बोलतात ते सगळं आपण त्यांच्याच तोंडून ऐकतो, हे विसरू नये. १९३७ च्या नोव्हेंबरात ब्रॉडवेवर याचं नाटक आलं. तिची भूमिका करणाऱ्या क्लेअर ल्यूस यांना स्टाइनबेकनं नंतर पत्र लिहून या मुलीचं धाकातलं बालपण समजावून सांगितलं. पत्र चांगलं आहे, पण त्यातलं थोडं कादंबरीत यायला हवं होतं. नाटकाला न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचं पारितोषिक मिळालं. लेखक मात्र ते पाहायला गेला नाही.

आणखी एक उणीव. सॅलिनासच्या लेट्यूसच्या वावरांत १९३४ मध्ये फिलिपिनो मजुरांनी संप केला होता, १९३६ मध्ये पॅकिंग शेडमधल्या कामगारांनी. मेक्सिकन मजूर तर त्या खोऱ्यात सगळीकडे होते. कादंबरीच्या रँचवर यांतलं कुणीच नाही. ही १९३० च्या दशकाची साक्ष म्हणून शिकवतात, पण तिच्यातलं जग त्याआधीचं आहे. कम्बाइन यंत्रांनी संपवत आणलेलं, एकट्या गोऱ्या मजुरांचं. धुळीच्या वादळांनी हाकललेली कुटुंबं हवी असतील तर त्याचीच १९३९ ची ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’ वाचावी.

लेनी पुस्तकाबाहेरही पोहोचला, तो भलत्या वाटेनं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या गुन्हेगाराला फाशी देता येणार नाही असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिला. असं अपंगत्व ठरवायचं कसं, हे लिहिताना टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयानं २००४ मध्ये चक्क लेनीचं उदाहरण घेतलं : तो माफीला पात्र आहे हे बहुतेकांना पटेल, म्हणून त्याच्यासारखे कोण ते पाहू. पुढे आखलेले निकष असे, की खोटं बोलता येणारा, बेत आखता येणारा माणूस त्यांतून सहज निसटावा. २०१२ मध्ये अशाच एका कैद्याला मृत्युदंड दिला गेला तेव्हा वडिलांच्या पात्राचा हा वापर पाहून स्टाइनबेकच्या मुलानं जाहीर संताप व्यक्त केला. सर्वोच्च न्यायालयानं ते निकष २०१७ मध्ये रद्द केले.

आता पुन्हा समासातल्या दोन रेघांकडे. शेवटच्या आधीच्या भागात, गवतावर त्या मुलीचं प्रेत पडलेलं असताना, कँडी जॉर्जला विचारतो, आपण दोघं तरी ती जमीन घेऊ शकू ना? हिशेब करून पाहा. कँडीचे साडेतीनशे, जॉर्जचे पन्नास, एकूण चारशे. साडेचारशेला व्यवहार होत होता, तर चारशेला आणखी महिनाभर थांबावं लागलं असतं इतकंच. शिवाय आता लेनीला सांभाळायचं नव्हतं. जॉर्ज नाही म्हणतो. महिनाभर राबेन, पन्नास डॉलर घेईन आणि शहरात जाऊन एका रात्रीत उडवेन, म्हणतो. बाकीचे अर्धे कोयते करतात तेच.

भाचीला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मामा, हे लिहिलं असतं तर मला मार्क मिळाले नसते.” असेल. पण तुम्हाला परीक्षा द्यायची नाहीये. पुस्तक मिळालं तर एका दुपारी वाचा, आणि पाकिटाच्या पाठीवर बेरीज करत वाचा. कँडीचे बँकेतले तीनशे डॉलर शेवटच्या पानापर्यंत कुणीही काढत नाही.