चित्रातील गुप्त खूण : विसंबण्यापूर्वी पारखून घ्या

भिवंडी-कल्याणपासून ठाण्यापर्यंत आमचे व्यापारी व कारागीर कापडाच्या, भरतकामाच्या नव्या नमुन्यांची छायाचित्रे मोबाईलवरून गिऱ्हाइकांना पाठवितात. तेच चित्र दुसऱ्याच्या जाहिरातीत झळकले, तर ते आपले हे कसे पटवून द्यावयाचे? यासाठी चित्रात डिजिटल वॉटरमार्क, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी खूण, घालता येते. चित्राच्या ठिपक्यांच्या छटा किंचित बदलून ती लपविलेली असते.

पण ती टिकते का? १९९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात 'स्टिरमार्क' हा तपासणीचा प्रोग्राम तयार झाला. त्याने चित्र नकळत ताणले-वाकविले की त्या काळच्या अनेक खुणा वाचताच येईनात.

म्हणून सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी आपणच कसोटी घ्यावी. खूण घातलेले चित्र व्हॉट्सॲपवरून पाठवा, कडा कापा, थोडे फिरवा, छापून पुन्हा स्कॅन करा आणि दर वेळी खूण वाचून पाहा. बिनखुणेचे चित्रही तपासा. त्यातही खूण 'सापडली', तर तो पुरावा कुचकामी समजावा.

खूण चोरी थांबवीत नाही. डिझाइन्स ॲक्ट, २०००खाली नमुन्याला प्रथम १० वर्षे व मुदत वाढविल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र नोंदणीचा अर्ज चित्र बाजारात जाण्याआधी करावा, हे आम्ही आवर्जून सांगतो.