ताक घुसळून जंतू का मरत नाहीत?



जंतू मारायचे म्हटले की आपल्याला चूल आठवते. दूध तापवावे, पाणी उकळावे, हा आपला नेम, आणि तो उत्तम आहे. पण विस्तवाचे साह्य न घेता, नुसत्या यांत्रिक जोराने, म्हणजे दाबून, चेंगरून किंवा हादरे देऊन, पातळ पदार्थांतले जंतू मारता येतील काय? येतील. मात्र कोणता जोर उपयोगी पडतो आणि कोणता पडत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर भलत्याच गोष्टीवर भरवसा ठेवून आपण दुखणे ओढवून घेऊ.

आधी आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. चमचाभर दह्यात कोट्यवधी जंतू असतात. सकाळी रवी घेऊन घरची माउली ते दही चांगले घुसळते. लोणी निघते, ताक होते. आता त्या ताकाचे दोन थेंब कोमट दुधात घाला. दुसऱ्या दिवशी दही लागतेच की नाही? म्हणजे एवढ्या घुसळण्यातूनही जंतू जिवंत राहिले. असे का व्हावे?

कारण जंतूचा आकार. तो मिलिमीटरचा एक हजारावा भाग, फार तर त्याच्या काही पट. रवीने उठणारे भोवरे त्याच्या मानाने प्रचंड असतात. पुरात वाहणारा काटकीचा तुकडा जसा लोंढ्याबरोबर गिरक्या घेत जातो पण मोडत नाही, तसा जंतू भोवऱ्याबरोबर फिरतो. त्याची एक बाजू इकडे आणि दुसरी तिकडे ओढली गेली तरच तो फाटेल. एवढ्या बारीक अंतरात जोर पोहोचवणे, हीच यातली खरी अडचण आहे.

ती सोडवण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट दाबाची. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या कृषी संशोधन केंद्रात बर्ट हाइट नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. दुधावर प्रचंड दाब दिला असता ते अधिक काळ टिकते, असे त्यांनी १८९९ साली प्रसिद्ध केले. पुढे १९१४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फळे आणि भाज्यांवरील प्रयोगही मांडले. पण एवढा दाब सोसणारी भांडी सहज बनत नव्हती, म्हणून ही कल्पना बरीच वर्षे पडून राहिली. अखेर १९९० साली जपानमध्ये अशा रीतीने तयार केलेला फळांचा मुरंबा बाजारात आला.

हा दाब किती म्हणाल? हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे सहा हजार पट. सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी असतो त्याच्याही पाचपट! मग फळाचा चेंदामेंदा होत नाही का? नाही. दाब सर्व बाजूंनी सारखा असतो. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. प्लॅस्टिकची बाटली पाण्याने काठोकाठ भरा, आत एक द्राक्ष टाका, झाकण घट्ट लावा आणि बाटली दोन्ही हातांनी आवळा. द्राक्ष शाबूत राहते. जंतूही बाहेरून चिरडला जात नाही. पण त्याच्या अंगावरचे नाजूक वेष्टन बिघडते, आणि ज्या प्रथिनांवर त्याचे जगणे चालते त्यांच्या घड्या विस्कटतात. जीवनसत्त्वांचे लहान रेणू मात्र बहुतेक टिकतात. म्हणून रसाची चव ताजी राहते.

दुसरी वाट बुडबुड्यांची. पाणी अरुंद छिद्रातून जोराने नेले, किंवा त्यात आपल्या कानाला ऐकू न येणारा तीव्र ध्वनी सोडला, की जागोजागी दाब एकदम उतरतो. तिथे पाण्याची वाफ होऊन सूक्ष्म बुडबुडे निघतात. दाब पुन्हा चढताच ते बुडबुडे क्षणार्धात मिटतात, आणि मिटताना जवळच्या पाण्याला जबरदस्त तडाखा देतात. आगबोटींच्या पंख्यांचा धातूही या तडाख्यांनी कोरला जातो. बुडबुडा मिटताना केवढा दाब निर्माण होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. १९२९ साली हार्वे आणि लूमिस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तीव्र ध्वनीने जंतू नष्ट होतात हे दाखवले. आपल्या मुंबईतही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. अरुंद छिद्रांतून पाणी नेऊन उठणाऱ्या बुडबुड्यांनी त्यातले जंतू कसे मारता येतील, यावर प्राध्यापक अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधन केले व ते २००१ साली प्रसिद्ध झाले.

आता कुणी म्हणेल, "मग आमच्या प्रेशर कुकरमध्येही दाबच असतो की!" इथेच फसगत होते. कुकरमधला दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम दुप्पट. त्या दाबाने जंतू मरत नाहीत. दाबामुळे पाणी शंभरऐवजी सुमारे एकशे वीस अंशांवर उकळते, आणि त्या उष्णतेने जंतू मरतात. दाब हा तिथे नुसता मदतनीस.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा. काही जंतू संकट येताच जाड कवचाचे बीजाणू होऊन बसतात. ते सहा हजारपट दाबालाही दाद देत नाहीत. आंबट रसात त्यांना पुन्हा रुजता येत नाही, म्हणून ही रीत फळांच्या रसाला विशेष मानवते. दुधासारख्या आंबट नसलेल्या पदार्थात तो भरवसा नाही. दाबलेला रससुद्धा बहुधा थंड जागी ठेवावा लागतो.

तेव्हा मंडळी, ही यंत्रे कारखान्यात शोभतात. घरी पाणी ढवळले, मिक्सरमध्ये फिरवले, बाटलीत घालून हलवले, तरी ते निर्जंतुक होत नाही. गावात पटकी किंवा हगवणीची साथ असेल तेव्हा तर ही चूक प्राणावर बेतेल. पाणी गाळून घ्यावे, त्याला खळखळून उकळी आणावी आणि झाकून ठेवावे. विहिरीत ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात पडते की नाही, याची ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. आणि शाळेतल्या मुलांनी विचारले, की जोराने जंतू मरतात का, तर त्यांना सांगावे: मरतात, पण तो जोर जंतूच्या अंगापर्यंत पोहोचला पाहिजे. आपल्या रवीचा जोर तिथवर पोहोचत नाही, आणि म्हणूनच ताकाच्या विरजणाने दही लागते!