हॉटेलातली मिसळ, घरची वाटी

पारनेर हा पर्जन्यछायेतला तालुका. बाजरी, मटकी, हुलगा ही इथली जुनी, कोरडवाहू पिके. असे असूनही मटकीची आठवण निघाली, की घरातल्या ज्येष्ठांना आठवते ती पुणे–नगर रस्त्यावर सुप्याच्या आसपास कुठेतरी थांबून खाल्लेली, लाल तर्रीखाली दडलेली मिसळच!

रक्तदाब वाढला, की पहिला निर्बंध येतो तो या मिसळीवर. तिच्या जागी अळणी वरणभात येतो. मग दोन घास कमी जातात आणि काही महिन्यांनी सदरा सैल झालेला दिसतो. उतारवयात नकळत घटणारे वजन ही किरकोळ बाब नव्हे. म्हणून आवडीचा पदार्थ बंद करण्यापेक्षा तो घरी आणावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वयपरत्वे घ्राणशक्ती मंदावते, आणि चवीचा मोठा वाटा वासाचाच असतो. आजोबा जेवताना वरून मीठ मागतात, ते पुष्कळदा हट्टाने नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतकेच मीठ घ्यावे. मिसळीत ते कट, फरसाण आणि पाव अशा तिन्ही वाटांनी येते. तेव्हा मीठ घटवून वास वाढवायचा, हीच घरची युक्ती.

मोड आलेली मटकी कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावी. कच्चे मोड वृद्धांना देऊ नयेत. त्यातून जंतुसंसर्गाचा धोका असतो. शिजवताना सोडा टाळावा, त्यातही सोडियम असते. कांदा आणि थोडे सुके खोबरे कोरडेच, खरपूस भाजावे. आले, लसूण, धने, जिरे यांसह बारीक वाटून कट करावा. तर्रीचा रंग तेलात उतरतो, पण त्यासाठी तेलाची वाटी रिकामी करावी लागत नाही. दोन चमचे तेल कोमट झाले, की आच बंद करून त्यात ब्याडगी मिरचीची पूड घालावी. रंग भरपूर येतो, तिखटपणा बेताचा राहतो. मीठ अगदी शेवटी, चव पाहून. वर लिंबू पिळले की ते आणखी कमी पुरते.

फरसाणाऐवजी बिनमिठाचे भाजलेले पोहे घ्यावेत. दात नसल्यास किंवा गिळताना ठसका लागत असल्यास ते कटात पूर्ण भिजू द्यावेत. पावाऐवजी बाजरीची मऊ भाकरी कुस्करली, तर हॉटेलवाल्यालाही हेवा वाटावा.

एक सावधगिरी मात्र हवी. बाजारातल्या ‘कमी सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी, ते डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कडधान्याचे प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

वाढताना तर्री निराळ्या वाटीत द्यावी. किती ओतायची, ते आजोबांना ठरवू द्यावे.