हिमोफिलिया आणि हृदयाची शस्त्रक्रिया
हिमोफिलिया ‘ए’च्या रुग्णात रक्त गोठवणारा फॅक्टर ८ अपुरा असतो. तरीही बायपास यंत्रावर घेताना त्याला हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यावंच लागतं. नाहीतर यंत्राच्या नळ्यांत गुठळ्या होतील. आगीत तेल म्हणा हवं तर, पण इलाज नाही! म्हणून आधीच फॅक्टर शिरेतून देऊन त्याची पातळी जवळपास निरोगी माणसाइतकी आणतात. ती साधारण १२ तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर: पुन्हा तपासणी, पुन्हा डोस, कित्येक दिवस. झडप बदलायची असेल तर धातूची शक्यतो टाळतात; तिच्यापायी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची मागे लागते. फॅक्टरविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार झाली आहेत का, हे मात्र शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधीच तपासून घ्या.