स्वस्ताई कुणाच्या वाट्याला?

रत्नागिरीत कोठेही चार माणसे जमली की मोठ्या कंपन्यांच्या सवलतीच्या भांडारांचा विषय निघतो. रामआळीतला व्यापारी म्हणतो, ही भांडारे बाजारपेठ गिळून टाकतील, गावचा पैसा गावात राहणार नाही. मारुती मंदिराकडचा नोकरदार म्हणतो, वाण्याने आजवर छापील किमतीतला एक पैसा सोडला नाही, आता त्याने रडू नये. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही सामान्य माणसाच्या नावाने बोलतात. हा सामान्य माणूस कोण? रोजंदारीवरचा गवंडी, काजूच्या कारखान्यात गर सोलणारी बाई, मिरकरवाडा बंदरावर मासळी वाहणारा हमाल ही माणसे त्यात आहेत काय? मला या वादात कोणा एकाची बाजू घ्यायची नाही. ही स्वस्ताई येते कोठून, जाते कुणाच्या घरात आणि आपल्या वस्तीने तिच्याविषयी काय भूमिका घ्यावी, एवढेच तपासायचे आहे.

प्रथम स्वस्ताईचे गणित पाहू. महाराष्ट्रात या धंद्याचे ठळक उदाहरण म्हणजे राधाकिशन दमाणी यांच्या कंपनीचे डी-मार्ट. त्याचे पहिले भांडार २००२ साली मुंबईत पवईला निघाले. मार्च २०२५ अखेर देशभरात अशी ४१५ भांडारे झाली. यात जादू नाही. कारखान्यातून निघालेला साबण गावच्या दुकानात पोचेपर्यंत वितरक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार आपापला हिस्सा घेतात. मोठे भांडार मधले हात टाळून थेट कंपनीकडून प्रचंड माल उचलते आणि त्याचे पैसे थोड्या दिवसांत चुकते करते. म्हणून त्याला माल कमी दराने मिळतो. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची असते, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. सजावट बेताची. जो माल झपाट्याने खपतो तोच ठेवायचा. गिऱ्हाईक स्वतः फळीवरून वस्तू काढते, गाडीत टाकते, रांगेत उभे राहते आणि पिशवी उचलून घरी नेते. दुकानातल्या पोऱ्याची ही कामे ते बिनपगारी करते. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट : तेथे उधारी नाही.

उधारी नाही, या दोन शब्दांत आपला सगळा प्रश्न आहे. सवलत सर्वांसाठी खुली असते हे खरे. पण ती घेण्यासाठी महिन्याचा बाजार एकदम भरण्याइतके पैसे हातात लागतात, तो आणायला वाहन लागते आणि घरात तो ठेवायला जागा लागते. ज्याचा पगार एक तारखेला बँकेत जमा होतो त्याच्याजवळ हे तिन्ही आहे. ज्याची मजुरी संध्याकाळी हातात पडते त्याच्याजवळ यातले एकही नसते. समजा, किलोभर तूरडाळीमागे भांडारात दहा रुपये वाचतात. पाव किलो डाळ घेणाऱ्या बाईचे वाचणार अडीच रुपये. त्यासाठी तिने रिक्षाला किती द्यायचे आणि किती तासांची मजुरी बुडवायची? रेशनवर तिला तांदूळ-गहू मिळतो, पण तेल, डाळ, चहा, साखर, साबण हे विकतच घ्यावे लागते. आणि पावसाळ्यात काम थांबले की तेही उधारीवर.

कोकणातल्या माणसाला उधारीचा इतिहास शिकवायला नको. पिढ्यान्‌पिढ्या इथला पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि बाई गावी. मनिऑर्डर येईपर्यंत वाण्याची वही घर चालवी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मनिऑर्डरी आटल्या, तेव्हा कितीतरी चुली या वहीवर पेटत राहिल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा रद्द झाल्या. ज्यांच्याकडे कार्ड होते त्यांनी भांडारात कार्ड घासले. ज्यांच्याकडे नव्हते ते पुन्हा वाण्याच्या दारात गेले. नोकरदार भांडाराकडे वळला म्हणजे वाण्याचे रोखीचे गिऱ्हाईक जाते. ज्या रोखीच्या बळावर तो उधारी सांभाळीत होता ती रोख जाते. मग तो एक तर भाव चढवतो, नाहीतर उधारी बंदची पाटी लावतो. म्हणजे एकाच्या घरातल्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्याच्या घरात वसूल होते. भांडार आले म्हणजे सर्वांना स्वस्त झाले, हे म्हणणे म्हणून अर्धेच खरे आहे.

तर मग वाण्याच्या बाजूने उभे राहायचे काय? येथे आपल्याला आपल्या आयांच्या आठवणी विचारल्या पाहिजेत. माझी आई सांगते, तिच्या लहानपणी पैसे पायरीवर ठेवायचे आणि माल वरून ओटीत पडायचा. मी शाळेत जाऊ लागलो तोवर पायरीचा नियम गेला होता. आमच्या गावच्या दुकानात मी फळीपर्यंत जात असे. पण उधारीच्या वहीत बाकीच्या गिऱ्हाइकांची पाने त्यांच्या नावांनी होती. आमच्या सगळ्या घरांचे मिळून एक पान होते आणि त्यावर मथळा होता ‘बौद्धवाडी’. एकाची बाकी थकली की सगळ्या वाडीला ऐकवले जाई. लग्नाला कर्ज काढले, मुलाला कॉलेजात घातले की, ‘पैसे बरे आहेत की तुमच्याकडे,’ हा शेरा ठरलेला. अडल्या वेळी हात देणारा आणि त्याच हाताने मान खाली दाबणारा माणूस एकच असतो, ही गोष्ट खोतांच्या मुलखात वाढलेल्यांना नवी नाही.

भांडारात हे होत नाही. तेथे फळीवरची वस्तू आपण हाताने उचलतो, कोणी आडनाव विचारीत नाही, कोणी वरून ओतत नाही. आपल्या मुलींना तेथे जायला आवडते, ते सवलतीसाठीच नव्हे. त्या मोकळेपणाला चंगळवाद म्हणून हिणवणाऱ्यांनी आपल्या आजीला कधी पायरीखाली उभे केले गेले होते काय, हे स्वतःला विचारावे.

आणखी एक गोष्ट. ‘स्थानिक व्यापार वाचवा’ अशी हाक देताना हा स्थानिक व्यापार कुणाचा, हे सांगितले जात नाही. बाजारपेठेत आपली दुकाने का दिसत नाहीत? आपल्याला धंदा जमत नाही, असे उत्तर मिळते. खरे उत्तर असे, की खाण्याच्या वस्तूंचे दुकान विकणाऱ्याच्या जातीवर चालते किंवा बंद पडते. वतनाने आमच्या वाट्याला बलुते दिले, बाजार दिला नाही. भांडवल उसने मिळेल, जागा भाड्याने मिळेल, पण शिवाशिव मानणारे गिऱ्हाईक कोठून बदलून आणायचे? आपली माणसे या व्यापारात आहेत ती टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या गल्ल्यावर नाहीत.

हा वाद दलित चळवळीत यापूर्वी झाला आहे. १४ सप्टेंबर २०१२ ला केंद्र सरकारने किराणा व्यापारात ५१ टक्के परदेशी भांडवलाला मुभा दिली. २० सप्टेंबरला देशभर बंद झाला. त्या वेळी चंद्रभान प्रसाद यांच्यासारख्या दलित विचारवंतांनी या निर्णयाचे स्वागत केले. त्यांच्या मते जुनी मध्यस्थांची साखळी ही जातीचीच साखळी होती. दुसरीकडे मायावती या धोरणावर टीका करीत होत्या. तरी बहुजन समाज पक्ष ५ डिसेंबरला लोकसभेत मतदानाच्या वेळी बाहेर पडला आणि ७ डिसेंबरला राज्यसभेत त्याने सरकारच्या बाजूने मत दिले. त्या वादात एक अट गाजली होती : परदेशी दुकाने शक्यतो दहा लाखांवरच्या वस्तीच्या शहरांतच निघावीत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची वस्ती ७६ हजारांच्या आसपास होती. म्हणजे आम्ही सुरक्षित! पण ही अट देशी भांडवलाला नव्हती. पुढे परदेशी कंपन्या त्या दारातून फारशा आल्याच नाहीत. लहान गावांपर्यंत पोचली ती देशी भांडारे. आणि वॉलमार्टने २०१८ साली फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेऊन थेट आपल्या खिशातल्या फोनमध्ये दुकान मांडले. देशी की परदेशी, या भांडणात मूळ प्रश्न बाजूला राहिला.

मूळ प्रश्नाकडे बाबासाहेबांच्या वाटेने जाता येते. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान म्हणून वाईट आणि मोठे म्हणून चांगले, हा विचारच त्यांनी नाकारला. जमिनीला श्रम व भांडवल यांची जोड कोणत्या प्रमाणात मिळते आणि जास्तीच्या माणसांना काम कोठे मिळते, हे त्यांनी विचारले. दुकानाचेही तसेच आहे. लहान दुकान लहान आहे म्हणून न्यायी होत नाही, मोठे भांडार मोठे आहे म्हणून पुरोगामी होत नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले आणि लगेच पुढच्या वर्षी मनमाडच्या कामगार परिषदेत ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बजावले. वाण्याच्या वहीत पहिला शत्रू दिसतो म्हणून आपण धावत दुसऱ्याच्या घरी आश्रयाला जाऊ नये, आणि भांडारात दुसरा दिसतो म्हणून पहिल्याला आपला भाऊ म्हणू नये.

भांडारातल्या नोकरीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. आपली बारावी झालेली मुले-मुली तेथे माल लावतात, बिले करतात. वाण्याच्या दुकानात त्यांना गल्ल्यापाशी कोणी उभे केले नसते, हे खरे. परंतु खाजगी नोकरीत आरक्षण नाही, कंत्राटदाराची माणसे आज आहेत, उद्या नाहीत, आणि दिवसभर उभे राहून पाय सुजतात. केरळात कापड-दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी साधा बसण्याचा हक्क मिळावा म्हणून लढा दिला आणि २०१८ साली तेथील कायद्यात तो हक्क आला. २०२१ साली तमिळनाडूने तसाच कायदा केला. आपल्या संघटनांच्या मागण्यांच्या यादीत स्टूल कधी आले आहे काय? नेमणुकीचे पत्र, भविष्यनिर्वाह निधी, आठवड्याची सुटी आणि बसायला स्टूल, येथून सुरुवात करता येईल.

दुसरे काम रस्त्यावरचे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात आणि अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व द्यावे लागते. कार्यकर्त्यांनी नगरपरिषदेत जाऊन आपल्या गावच्या समितीची यादी मागावी. बाजाराचा आराखडा ठरतो तेथे टोपलीवाल्या बाईचा आवाज असला पाहिजे.

तिसरे काम वस्तीतले, आणि माझ्या मते सर्वांत निकडीचे. वहीला पर्याय उभा करायचा. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र आणण्याची आणि वाटण्याची रीत चालवली आहे; तिला दुकान लागत नाही. ती मुख्यतः मध्यमवर्गात रुजली, कारण तेथे पैसे आगाऊ भरता येतात. आपल्याला ती रोजंदारीच्या मापाने बदलावी लागेल. वस्तीतल्या पंधरा-वीस घरांनी तेल, डाळ, साखर, साबण एकत्र घ्यायचे. पैसे आठवड्याला भरायचे. पावसाच्या महिन्यांत ज्याचे काम थांबले त्याचा हप्ता बचत गटाच्या निधीतून उचलायचा आणि गणपतीनंतर फेडून घ्यायचा. माल घाऊक बाजारातून येवो की त्याच मोठ्या भांडारातून, गटाला त्याचा विधिनिषेध नको. वाटप विहारात होईल. हिशेब चोख नसेल तर दोन महिन्यांत भांडण होऊन गट मोडेल. म्हणून वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे. जमाखर्च शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. त्यांत मीही आहे.

या गटाच्या वहीत प्रत्येक घराचे वेगळे पान असेल आणि पानावर घरातल्या बाईचे पूर्ण नाव असेल.