‘स्क्रिमशँकर’ म्हणजे काय? फौजेतला कामचुकार आणि देवळालीचा ‘ताप’

काम टाळणाऱ्याला आपण कामचुकार म्हणतो, अंग राखून काम करणाऱ्याला अंगचोर. ब्रिटिश फौजेत अशा शिपायासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक खास शब्द रूढ झाला, ‘स्क्रिमशँकर’. परेड आली की याचा पाय दुखणार, पहाऱ्याची पाळी आली की पोट बिघडणार. हा शब्द नेमका कुठून आला, हे भाषेच्या अभ्यासकांनाही ठामपणे सांगता आलेलं नाही.

शब्द गमतीशीर आहे, पण आरोप गंभीर. भारताच्या लष्कर कायदा १९५० च्या कलम ४६ नुसार आजाराचं सोंग घेणं, मुद्दाम आजार ओढवून घेणं किंवा बरं व्हायला मुद्दाम उशीर लावणं हा गुन्हा आहे. त्यासाठी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण सोंग कुणाचं आणि दुखणं कुणाचं खरं, हे ओळखायचं कसं?

याचं एक उदाहरण आपल्या नाशिकजवळच आहे. १८६१ साली देवळालीत लष्करी छावणी उभी राहिली. भारतातली नोकरी संपलेले गोरे शिपाई इथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत थांबायचे. जहाजं मुख्यतः हिवाळ्यात सुटायची. हंगाम हुकला की पुढचे कित्येक महिने मुक्काम इथेच. हाताला काम नाही, वर उकाडा, दारू आणि मलेरिया. काहींचं डोकं खरोखरच फिरलं. त्याला शिपाई ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजीत वेड्यासारखं वागणाऱ्याला आजही ‘डूलाली’ म्हणतात. म्हणजे एका आजाराची झाली थट्टा.

दुसरं उदाहरण पहिल्या महायुद्धातलं. फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय शिपायांच्या हाताला जखमा फार दिसू लागल्या. लढाई टाळायला हे स्वतःच गोळी मारून घेतात, असा संशय अधिकाऱ्यांना आला. असे प्रकार अजिबात घडले नाहीत असं नाही. पण सरसकट सगळ्यांवरच संशय घ्यायचा का?

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ मध्ये थेट १,००० जखमा तपासल्या. निष्कर्ष काय निघाला? शिपाई मोठ्या प्रमाणावर स्वतःला जखमी करून घेतात, या समजाला पुरावा नाही.

बारामती-इंदापूर पट्ट्यात भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आजही दिसतात. उद्या त्यांच्यातलाच कुणी ‘झोप लागत नाही, जमत नाही’ असं म्हणाला, तर त्याला कामचुकार म्हणायला एक सेकंद लागतो. सेटन यांनी त्याआधी १,००० जखमा मोजल्या होत्या.